शीट लावूनही गाडी खडखडतेच? आधी आवाजाला नाव द्या

"गाडीत आवाज येतोय" एवढंच सांगून मिस्त्रीकडे गेलं की पुढचं नाटक ठरलेलं. तो शेजारी बसतो, आपण त्याला नेमक्या त्याच खड्ड्यांवरून फिरवून आणतो आणि गाडी शाळेत इन्स्पेक्शनला साहेब आल्यासारखी गप्प बसते. तो उतरतो, आपण घराकडे वळतो आणि पहिल्याच गतिरोधकावर मागून खडखड. हे मी दोन वर्षं केलं.

माझी गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ८० हजार किमीच्या पुढे पळालेली. सातारा–पुणे आठवड्यातून दोनदा. तक्रारी दोन होत्या. महामार्गावर ७०च्या पुढे गेलं की मागून एकसारखी घूं, इतकी की मागच्या सीटवरची आई काय बोलतेय ते ऐकायला रेडिओ बंद करावा लागे. आणि गावातल्या रस्त्यावर खडखड. दोन्हीला मी एकच नाव दिलं होतं, 'आवाज', आणि एकच औषध शोधलं. एका ॲक्सेसरीच्या दुकानात चारही दारांचं डॅम्पिंग करून घेतलं, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट दारांत आतून लावून घेतली. साडेआठ हजार गेले. दार लावताना आधी 'टण्ण' व्हायचं ते 'ढब' व्हायला लागलं. पंधरा दिवस मी पार्किंगमध्ये उगाचच दारं उघडून लावत होतो.

मग खडखड परत आली. परत कसली, ती गेलीच नव्हती. उलट आता जास्त स्पष्ट ऐकू येत होती, आणि जोडीला उजव्या पुढच्या दारातून एक नवीन आवाज आला होता, जो आधी नव्हता.

शीटने तिचं काम चोख केलं होतं, माझं दुखणंच वेगळं होतं. रात्री पंखा बंद केला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागते, तसं गाडीचं झालं. रस्त्याचा गोंगाट थोडा कमी झाला आणि त्याच्याखाली दबलेल्या बारीक खडखडी वर आल्या. म्हणून डॅम्पिंग करायचं असेल तर आधी खडखड शोधून संपवा, मग शीट आणा. माझं उलटं झालं आणि एकेक दार पुन्हा उघडावं लागलं.

आवाजांना नावं देण्यात मराठीचा हात कुणी धरणार नाही, तिचा इथे फायदा घ्या. खडखड, खुळखुळ, टकटक, करकर, घरघर, घूं, शिट्टी, ढुम्म. यातला आपला कुठला ते ठरलं की अर्धं काम झालं, कारण प्रत्येकाचं घर वेगळं आहे. डायरीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा: कुठला आवाज, किती वेगात, कुठल्या रस्त्यावर, सकाळच्या थंड गाडीत की तापलेल्या, एकटे असताना की भरल्या गाडीत. मिस्त्रीला हा कागद दाखवला तर तोही तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

घूं आणि घरघर

रस्त्याचा आवाज आत दोन वाटांनी येतो. खालच्या पट्टीतला, साधारण ४००–५०० हर्ट्झच्या खालचा, टायरमधून सस्पेन्शन आणि तिथून पत्र्यात चढतो. गाडीची अख्खी बॉडीच मग तबल्यासारखी वाजते. त्याच्या वरचा आवाज हवेतून येतो: चाकाच्या कमानीतून, दाराच्या रबरातून, वायरिंगच्या भोकांतून. माझी घूं खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की एकदम वाढायची. भिंतींवर आपटून आवाज खिडक्यांतून आत येत होता, म्हणजे बराचसा भाग हवेतला होता. दाराच्या पत्र्यावर शीट लावून तो कितीसा कमी होणार होता?

घूं ऐकू आली की सगळ्यात आधी टायरकडे बघा. डांबरी रस्ता संपून काँक्रीट सुरू होतं ती जागा यासाठी उत्तम. पुणे–मुंबई द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे, आणि आता शहरांतले रस्तेही भराभर काँक्रीटचे होताहेत, त्यामुळे अशी जागा सापडायला त्रास नाही. रस्ता बदलताच आवाजाची पट्टी बदलली तर दोष टायर आणि रस्त्याच्या जोडीचा. रस्ता बदलला तरी तीच घरघर तशीच राहिली तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. बेअरिंगची आणखी एक खूण आहे. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात गाडी हलकेच डावी-उजवी करा. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर डाव्या बाजूचं बेअरिंग, डावीकडे वळताना वाढली तर उजव्या बाजूचं. बेअरिंग निघालं तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी बदला. तो आवाजाचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो.

इंजिनाचा हात आहे का हे बघायला सपाट, रिकाम्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करा. इंजिनाचे फेरे खाली आले तरी आवाज तसाच असेल तर तो चाकांचा. घाटात हा प्रयोग चुकूनही करू नका.

माझ्या गाडीत बेअरिंग ठीक निघाली. मागच्या टायरवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला, तर एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीचे दात लागल्यासारखं. टायरचे ठोकळे असे तिरके झिजले की प्रत्येक ठोकळा रस्त्यावर चापट मारत जातो आणि त्या हजारो चापट्यांची घूं होते. कारणं नेहमीचीच: अलाइनमेंट बिघडलेलं, हवा कमी-जास्त, आणि ८–१० हजार किमीला पुढची चाकं मागे, मागची पुढे करायची ते मी कधी केलंच नव्हतं. मी चाकांची अदलाबदल केली आणि घूं मागून उठून पुढे आली. याहून पक्का पुरावा दुसरा नको.

टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. माझे ३४१७ निघाले. गाडीइतकेच म्हातारे, रबर दगडासारखं टणक. टायर बदलल्यावर जो फरक पडला तो चारही दारांच्या शीटने मिळून पडला नव्हता. बदलायचेच असतील तर दुकानदाराला "कमी आवाजाचा" एवढंच न सांगता त्याच मापाचा, त्याच भार-क्षमतेचा टायर मागा. दिसायला भारी म्हणून रुंद टायर घातला की आवाज हमखास वाढतो. आणि हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. "थोडी जास्त मारतो साहेब, ॲव्हरेज मिळेल" म्हणणाऱ्याला हसून नको म्हणा. जास्त हवेचा टायर प्रत्येक खडा जसाच्या तसा वर पोचवतो.

खालून टकटक

हा भाग मी लवकर आटपतो, कारण याला शीटचा काडीचा उपयोग नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की टकटक, पण सरळ गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली की शांत, असं असेल तर बहुतेक स्टॅबिलायझरची (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड सैल झालेली. दोन्ही चाकं एकदम चढली की तो दांडा पिळलाच जात नाही, म्हणून लिंकही बोलत नाही. दोन्ही वेळा ठोका येत असेल तर शॉकअप, त्याच्या डोक्यावरचं रबर किंवा लोअर आर्मचा (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश. आणि खराब रस्त्यावर ब्रेकवर पाय नुसता टेकवताच टकटक थांबली तर कॅलिपरमध्ये ब्रेक पॅड खेळताहेत. त्यांच्या क्लिपा दरवेळी पॅड बदलताना जुन्याच बसवल्या जातात, तिथेच गोम असते.

आवाज नक्की कुठल्या बाजूचा हे कळत नसेल तर लांबलचक कंपाउंड वॉलच्या कडेने, त्या बाजूची काच खाली करून हळू चालवा. भिंत आवाज परत फेकते. एकदा उजवी बाजू भिंतीकडे, परत येताना डावी.

खडखड आणि खुळखुळ

इथे खरी मजा आहे आणि खरा वेळही इथेच जातो.

पहिलं काम: गाडी रिकामी करा. रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. दाराच्या खिशातली टोलची नाणी, ग्लव्हबॉक्समधला सर्व्हिसच्या पावत्यांचा गठ्ठा, गॉगलचा डबा, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, आरशाला लटकवलेली माळ. बाप्पांना तेवढ्यापुरतं घरात ठेवा, ते समजून घेतील. डिकीतून जॅक, पाना, त्रिकोण, स्टेपनी, सगळं बाहेर. अशा नागड्या गाडीतून एक फेरी मारा. आवाज गेला असेल तर एकेक वस्तू परत ठेवत जा आणि प्रत्येक वेळी फेरी मारा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या चार खडखडींपैकी दोन इथेच मेल्या. एक जॅक होता. त्याचा स्क्रू हाताने घट्ट फिरवून तो त्याच्या खोबणीत दाबून बसवायचा असतो, आणि पंक्चरवाल्याने तो नुसता टाकून दिला होता. दुसरी म्हणजे स्टेपनीचा मधला बोल्ट, तीन फेरे सैल.

तरी आवाज राहिला तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि स्वतः मागच्या सीटवर बसा. चालवणारा माणूस कधीच आवाज शोधू शकत नाही, काचेवर आपटून आवाज भलतीकडूनच येतोय असं वाटतं. मागे बसून एकेक गोष्टीवर तळहात दाबा: पार्सल ट्रे, सीटची पाठ, बेल्टचं बक्कल, खांबावरचं प्लॅस्टिक. दाबल्यावर थांबला तर चोर सापडला. एका वेळी एकच गोष्ट दाबा. दोन्ही हात आणि गुडघा लावून आवाज थांबवला तर काय थांबलं ते कळतच नाही. हे मी करून बसलोय.

मागच्या सीटची पाठ ज्या कडीत अडकते ती लोखंडी कडी हा हॅचबॅकचा जुना रोग. कुलुपातलं रबर झिजलं की कडी आणि लोखंड एकमेकांवर वाजतात. फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडासारख्या, टेपचा एक वेढा, बस. मागचं कुणी न लावलेलं बेल्टचं बक्कल सीटच्या कडक प्लॅस्टिकवर टकटक करतं, ते सीटच्या फटीत खोचा. डिकीच्या दाराला खाली दोन्ही कोपऱ्यांत रबरी बफर असतात. बऱ्याच गाड्यांत ते फिरवून बाहेर काढता येतात. एखादा फेरा बाहेर काढले की डिकी घट्ट बसते. माझ्या गाडीत खड्ड्यांवर कानात दडा बसल्यासारखा ढुम्म यायचा, तोही यानेच निम्मा झाला. सैल डिकीचा मोठा पत्रा आतल्या हवेला पंपासारखा ढकलत होता. खिडकी बोटभर उघडल्यावर ढुम्म बदलत असेल तर तुमच्याकडेही हेच असण्याची शक्यता आहे.

चौथ्या खडखडीने मला महिनाभर झुलवलं. फक्त डिकी आपटल्यावर, आणि एसी लावून सिग्नलला उभं असताना. शेवटी निघाली काय, तर नंबर प्लेट. जुन्या गाड्यांना नवीन एचएसआरपी बसवून घ्यावी लागली तेव्हा बसवणाऱ्याने ती दोन लॉकवर टांगली होती आणि खालचे कोपरे मोकळे. ते लॉक एकदाच बसतात, काढायच्या भानगडीत पडू नका, प्लेट निकामी होईल. प्लेट हलकेच पुढे ओढून मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बंद छिद्रांच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा जाडसर तुकडा सरकवला की झालं. खर्च शून्य, कारण फोम दुकानातून शीट लावून उरलेला होता.

थांबलेल्या गाडीत एका ठरावीक फेऱ्याला येणारी पत्र्याची भणभण खालून येत असेल तर सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा बघा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर बुक्कीने ठोकून बघायचं. स्क्रूची जागा गंजून गेली असेल तर स्टीलच्या होज क्लॅम्पने तो पाइपला आवळता येतो. देखणं दिसत नाही, पण खाली कोण बघतंय?

दाराच्या आतली खुळखुळ शोधायला रस्त्यावर जायचीही गरज नाही. इंजिन बंद, गाडीच्या स्पीकरवर मोबाइलमधून एकच सूर वाजवा आणि तो ३० हर्ट्झपासून १५० हर्ट्झपर्यंत सावकाश चढवत न्या. अशी फुकटची ॲप आहेत. कुठल्यातरी सुराला दाराचं पॅनेल, काच किंवा कुलपाचा दांडा थरथरायला लागतो. सूर तिथेच धरून ठेवा आणि हाताने चाचपत जा. आवाज बेताचा ठेवा, नाहीतर स्पीकर फाटेल आणि नवीनच आवाज विकत घ्याल.

करकर

खडखड म्हणजे दोन वस्तू आपटतात. करकर म्हणजे दोन वस्तू एकमेकांना चिकटतात, घसरतात, पुन्हा चिकटतात. जानेवारीत सकाळी जास्त येते, ऊन चढलं की कमी होते, कारण गारठ्यात प्लॅस्टिक आकसतं आणि रबर कडक होतं. घरासमोर एक चाक फूटपाथवर चढवून गाडी तिरकी लावता तेव्हा बॉडी किंचित पिळते आणि दाराची रबरं बोलतात. दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून त्यावर सिलिकॉनचा हलका हात द्या. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा खोबरेल नको. तेलाने रबर फुगतं आणि पुढे पावसाचं पाणी आत येतं. डॅशबोर्डच्या जोडातली करकर असेल तर फेल्टच्या टेपची बारीक पट्टी फटीत सरकवा. डॅशबोर्ड पूर्ण उघडायला कुणालाही देऊ नका. एक आवाज घेऊन गेलेली गाडी पाच आवाज घेऊन परत येते, असं मी आतापर्यंत तिघांचं पाहिलंय.

आता शीट

हे सगळं झालं, टायर ठीक आहेत, खालचं ठीक आहे, खडखड संपली. आता शीटला हात लावा.

शीट काय करते हे ताटाने समजतं. स्टीलचं ताट चमच्याने वाजवा, घुमतं. त्यावर एक बोट टेकवून वाजवा, मरतं. दाराचा पत्रा मिलिमीटरहून पातळ, तो ताटासारखाच घुमतो. डॅम्पिंग शीटमध्ये पत्रा आणि वरची ॲल्युमिनियमची पातळ चादर यांच्यामध्ये चिकट ब्युटाइल रबर असतं. पत्रा थरथरला की मधलं रबर दोन्हींच्या मध्ये ताणलं-घासलं जातं आणि थरथरीची उष्णता होऊन जाते. ताटाला एका बोटाने भागतं तसं इथेही. सपाट मोकळ्या पत्र्याचा मधला पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतेक काम होतं. जिथे पत्र्याला घडी किंवा कडा आहे तिथे तो आधीच ताठ असतो. कोपरान्‌कोपरा मढवणारा दुकानदार तुमचे पैसे आणि गाडीचं वजन दोन्ही वाढवतोय. २ मिमीची ब्युटाइल शीट चौरस मीटरला साधारण ३ किलो भरते.

बोटाच्या गाठीने पत्रा ठोका. 'टण्ण' वाजतो तिथे शीट लावा, 'ढब' वाजतो तिथे सोडा.

शीट पत्र्याची थरथर मारते, हवेतला गोंगाट अडवत नाही. तो अडवायला वजन आणि बंदिस्तपणा लागतो. वजन दुप्पट केलं तर हिशेबाने सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात. पण भिंतीच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला तरी बाकीची भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलच्या पुढे मजल जात नाही. म्हणून जड व्हिनाइलच्या चादरीवर हजारो रुपये घालण्याआधी दाराचं रबर तपासा. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निसटली तर तिथून आवाजही निसटतोय. नुसत्या फोमला वजन नसतं. त्याचा उपयोग प्लॅस्टिक आणि पत्रा एकमेकांवर आपटू नयेत म्हणून, आणि थोडा उन्हाचा ताप अडवायला.

माल घेताना वास घ्या. डांबराचा वास येत असेल तर ती बिटुमेनची शीट. स्वस्त असते, पण मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आतून तव्यासारखी तापते, तेव्हा ती मऊ पडून घसरते आणि गाडीभर वास मारते. कंपनीने गाडीच्या तळावर भट्टीत बसवलेले डांबरी थर असतात ते वेगळे, त्यांना उखडू नका. आणि कापूस, गोधडी, साधा स्पंज दारात कोंबू नका. दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतंच, उतरायलाच हवं. कोकणातल्या एका ओळखीच्या गाडीत दारात स्पंज होता. दुसऱ्या पावसाळ्यात दाराची खालची कड गंजून हातात आली.

आता माझ्या उजव्या दाराची गोष्ट. पॅनेल काढताना दुकानातल्या पोराने दोन क्लिपा तोडल्या होत्या आणि तशाच बसवल्या होत्या. वायरिंगचा प्लग मोकळा लोंबत होता. म्हणून दुसऱ्यांदा मी स्वतः बसलो. तुम्हीही करणार असाल तर त्या मॉडेलच्या डझनभर क्लिपा आधी आणून ठेवा, त्या फार महाग नसतात. बॅटरीची काळी वायर काढा, दहा मिनिटं थांबा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना बोट लावू नका. काही गाड्यांच्या पुढच्या दारात बाजूच्या धडकेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. तुमच्या गाडीत तो असेल तर दाराची भोकं बंद करायचा विचार सोडून द्या. खांबांत आणि छताच्या कडेला पडद्याची एअरबॅग असेल तिथेही फोम, शीट काही नाही.

पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नका. तो पाण्यासाठी आहे. त्याची काळी चिकट दोरी हळूहळू सोडवायची. मग बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर नको, रंग जाईल. दोनतीन वेळा पुसल्यावरच चिंधी स्वच्छ येते, इतकी धूळ असते. शीट हाताएवढ्या तुकड्यांत कापा, भोकातून मोठा तुकडा आत जात नाही. रोलरने इतकी दाबा की वरची नक्षी सपाट व्हावी. नक्षी दिसतेय म्हणजे शीट अजून पूर्ण चिकटलेली नाही. हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी असते. थंडीत करायचं तर दुपारी करा, गार पत्र्यावर ब्युटाइल पकडत नाही. दाराच्या तळाशी लांबट भोकं असतील, ती पाणी जायची. त्यांच्या दोन बोटं वरपर्यंत शीट आणायचीच नाही. वायरिंगला फेल्टची टेप गुंडाळा, कुलपाचे दांडे जिथे पत्र्याला घासतात तिथेही. पॅनेल बसवण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघा. शीटला काच घासली तर तेव्हाच कळलेलं बरं.

पण हॅचबॅकवाल्यांनी दारांआधी डिकीकडे जावं. मागच्या चाकांच्या कमानी आत, पातळ प्लॅस्टिक किंवा कार्पेटखाली, जवळजवळ उघड्या असतात, आणि टायरची घूं व खडी उडाल्याची तडतड तिथूनच आत येते. मी डिकीच्या तळाला आणि दोन्ही कमानींना शीट आणि त्यावर ६ मिमीचा बंद छिद्रांचा फोम लावला. एका रविवारचं काम, आणि चारही दारांपेक्षा फरक मोठा. छताला हात लावला नाही. तिथे शीट लावली की पावसाची टपटप चांगलीच मरते हे खरं, पण छताचं अस्तर घडी न पडता खाली काढून परत बसवणं माझ्या हातचं नाही.

किती फरक पडला? त्याच रस्त्यावर, ८० वेगात, एसी बंद, मोबाइल त्याच जागी ठेवून मोजलं तर टायर आणि डिकी मिळून ४ डेसिबलच्या आसपास. आकडा लहान वाटतो. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, ते घरच्या कामात मिळत नाहीत. पण ॲपचा नेहमीचा मापक खालच्या पट्टीतला ढुम्म फारसा मोजतच नाही. म्हणून आकड्यात दिसलं त्यापेक्षा प्रवासात जास्त जाणवलं. आई आता मागून बोलते आणि मला ऐकू येतं. याचे तोटेही आहेत.

उरली शिट्टी. ९०च्या पुढे आली तर वाऱ्याची. दाराच्या फटींवर बाहेरून रंगाऱ्याची कागदी टेप लावून एक फेरी मारा, एकेक पट्टी काढत जा. माझ्याकडे काहीच सापडेना. शेवटी काचेवरचे रेन व्हायझर काढले आणि शिट्टी गेली. पावसाळ्यात काच बोटभर उघडी ठेवायची सवय होती म्हणून लावले होते. आता ती सवय सोडली.

शीट लावली असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर एवढं करा: सकाळी चारही दारं उघडा, खालच्या भोकांतून पाणी ठिबकतंय का बघा आणि पायाखालच्या कार्पेटमध्ये हात दाबा. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळत असेल तर भोक शीटने किंवा चिखलाने बुजलंय, काडीने मोकळं करा. कार्पेट ओलं लागलं तर प्लॅस्टिकच्या कागदाची काळी दोरी कुठेतरी सुटली आहे. पॅनेल पुन्हा उघडावं लागेल. उरलेल्या क्लिपा टाकून देऊ नका.